अंदमान, नेताजी आणि हम्फ्रीगंजचे 44 जण

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये गाइडचं निम्मं ऐकतो आणि तडक तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीकडे सुटतो. आमच्या ग्रुपनेही तेच केलं, दाराशी रांग, आत हात जोडून उभे काका, मागून "अहो सरका ना जरा, फोटो घेऊ द्या". सावरकरांवरून आपल्याकडे इतकं भांडून झालंय, माफीनामे, गांधीखून खटला, काय नि काय, की मी त्यात पडत नाही. मला लिहायचंय नेताजींबद्दल, कारण अंदमानात त्यांच्यावरून कोणीच भांडत नाही आणि मला वाटतं की थोडं भांडायला हवं.

तिथे नेताजी सगळीकडे आहेत. स्टेडियमला नाव नेताजींचं, जेलमध्ये त्यांची गॅलरी, रॉस आयलंडचं 2018 मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं (बोटवाले अजून रॉसच म्हणतात), आणि समुद्राकडेला फ्लॅग पॉइंटवर 150 फूट उंचीचा तिरंगा. गाइड लोक अगदी तालात सांगतात की 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी जिमखाना ग्राउंडवर झेंडा फडकवला आणि भारताची ही पहिली भूमी इंग्रजांपासून मुक्त झाली. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, आमच्या घरी लहानपणापासून युनिफॉर्ममधल्या नेताजींचा फोटो होता, अंगावर काटा यायचाच.

पण मुक्त म्हणजे काय हो? इंग्रज तर आधीच गेले होते. 23 मार्च 1942 ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं आणि पुढची साडेतीन वर्षं बेटं त्यांच्याच ताब्यात होती. नोव्हेंबर 1943 मध्ये टोकियोत जपानचे पंतप्रधान तोजो यांनी जाहीर केलं की अंदमान-निकोबार नेताजींच्या आझाद हिंद सरकारला देणार. नेताजींनी नावंही ठरवली, शहीद आणि स्वराज. प्रत्यक्षात त्यांनी बेटांचा कारभार बघायला नेमलेले लोगनाथन 1944 च्या फेब्रुवारीत तिथे पोचले तेव्हा त्यांच्या हातात आलं फक्त शिक्षण खातं. पोलिस, तुरुंग, बंदर सगळं जपान्यांकडेच, आणि काही महिन्यांनी लोगनाथनही निघून गेले.

आता मला जे सगळ्यात जास्त खुपलं ते सांगतो. इंग्रजांनी राजकीय कैदी 1938 पर्यंत परत पाठवले होते, पण जपान्यांनी जेल पुन्हा भरला, यावेळी बेटावरच्याच लोकांनी. इंग्रजांच्या पाणबुड्यांतून हेर गुपचूप बेटावर उतरत होते, जपानी जहाजं बुडत होती, आणि जपान्यांना वाटायचं की बातम्या इथलेच लोक पुरवतात. मग हेरगिरीचे खटले, मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब, त्या कबुलीत जी नावं येतील त्यांना अटक. डॉक्टर दिवाण सिंग, पंजाबी कवी, इंडियन इंडिपेंडन्स लीगचे (परदेशातल्या भारतीयांची स्वातंत्र्यासाठीची संघटना) अंदमानचे प्रमुख, त्यांना ऑक्टोबर 1943 मध्ये उचललं. डिसेंबरच्या शेवटी नेताजी आले, जपानी अधिकाऱ्यांच्या गराड्यात हा जेल बघून गेले, आणि तेव्हा दिवाण सिंग त्याच जेलमध्ये होते! भेट झाली नाही. काही आठवडे आधीच नेताजींनी अंदमान मिळण्याची तुलना फ्रेंच क्रांतीतल्या बास्तीय तुरुंगाशी केली होती, की जिथे आपले देशभक्त सडले ती जागा सगळ्यात आधी सुटली. 14 जानेवारी 1944 ला दिवाण सिंग त्या छळानेच गेले. आणि 30 जानेवारीला, म्हणजे झेंडा फडकवल्याला बरोबर एक महिना, हम्फ्रीगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या.

हे 44 जण कोण होते, तर बहुतेक लीगचेच लोक. म्हणजे ज्या संघटनेचं नेतृत्व नेताजींनी 1943 च्या जुलैमध्ये रासबिहारी बोसांकडून घेतलं, तिचेच.

हम्फ्रीगंज वंडूरच्या वाटेवर आहे. ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणे, "वहाँ देखने का कुछ नहीं है सर, पाँच मिनट में हो जाएगा." तो तिथलाच, काळ्या पाण्याच्या कैद्यांच्या वंशातला, ग्रुपमधल्या एका ताईंनी विचारलं की तुमच्या घरी काही आठवणी सांगतात का, तर म्हणाला की आजोबा सांगायचे की तेव्हा खायला काही नव्हतं, कंद उकडून खायचे, आणि जपानी येताना दिसला की बाईमाणूस घरात लपायचं. धावपट्टीच्या कामाला माणसं जबरदस्तीने नेली होती हेही त्यानेच सांगितलं. आपण विमानाने उतरतो ना, वीर सावरकर विमानतळ, तिथलीच ती धावपट्टी. मग तोच हसून म्हणाला, "पर नेताजी तो नेताजी हैं." आणि त्याच्या गाडीच्या काचेवर नेताजींचा स्टिकर होताच. मला तर यात काही विसंगती वाटली नाही.

स्मारक छोटंसं आहे. नावं वाचत गेलं की हिंदू, मुसलमान, शीख सगळे मिसळलेले. आम्ही होतो तेवढा वेळ दुसरं कोणी आलं नाही.

नेताजींना हे माहीत होतं का यावर लोक अजून वाद घालतात. एक बाजू म्हणते की जपान्यांनी त्यांना एकटं सोडलंच नाही, कोणाला भेटू दिलं नाही, त्यांना काय कळणार. दुसरी म्हणते की त्यांनी सोयीने डोळे मिटले, कारण इम्फाळवर चढाई करायची तर जपान हवा होता. माझं म्हणाल तर मला पहिली बाजू अर्धी पटते. एवढ्याशा सरकारी दौऱ्यात खरं कळणं कठीणच, पण आपल्याच संघटनेचा इथला प्रमुख स्वागताला का नाही, एवढं विचारायला जपान्यांची परवानगी लागत नव्हती. विचारलंही असेल, खोटं उत्तर मिळालं असेल. पण जो देश आपल्याच लोकांना मारतोय त्याच्या जोरावर स्वातंत्र्य आणायचं ठरवलं की हा हिशेब कधीतरी येणारच होता, आणि तो भरला हम्फ्रीगंजच्या लोकांनी. हे म्हटलं की व्हॉट्सॲपवर लगेच "मग तू गांधीवाला का" सुरू होतं. अरे बाबा, आझाद हिंद सेनेबद्दलचा आदर माझा तसूभर कमी झालेला नाही, मी फक्त म्हणतोय की झेंडा सांगताना 44 जणही सांगा. फ्लॅग पॉइंटला त्यांची पाटी मला तरी दिसली नाही.

हॅवलॉकचं तर आणखीनच विचित्र. 1945 च्या ऑगस्टमध्ये, शरणागतीच्या तोंडावर, जपान्यांनी शेकडो लोकांना बोटीत भरून हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं, बहुतेक सगळे बुडाले. 2018 ला त्याच बेटाचं नाव स्वराज द्वीप ठेवलं. तिथे आम्ही स्कूबा केलं, झकास झालं, इन्स्ट्रक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर पाण्याखाली मलाही आठवलं नाही.

कोणाला जायचं असेल तर जॉली बॉय बेटाच्या बोटी वंडूरहूनच सुटतात, सकाळी घाई असते, त्यामुळे परत येताना हम्फ्रीगंजला थांबा. पॅकेजमध्ये नसतं, ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आणि जाण्याआधी पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम म्हणायचं) दिवाण सिंग गुरुद्वारात जाऊन या, लंगर छान असतो.