आबांची तीरकमठ्याची वही: नोंद तिसरी

इंदूर. आबांचं धनुर्विद्येचं आयुष्य त्यांच्याच हातानं लिहून घेण्याच्या कामाची ही नोंद. आधी हिशेब. बैठका नऊ, ध्वनिमुद्रण 6 तास 10 मिनिटं, चिठ्ठ्या 64, आणि आबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली फुलस्केप पानं 11. दुसऱ्या नोंदीच्या वेळी हा शेवटचा आकडा शून्य होता, त्यामुळे या वेळची नोंद मुख्यतः त्या अकरा पानांचीच आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आबा ऐंशीच्या घरातले, मिलमधून निवृत्त, राहणार रामबाग. कामठी, म्हणजे बांबूचं धनुष्य, शिकले झाबुआकडे, पुढे लाँगबोवर, म्हणजे लांब लाकडी धनुष्यावर आले. शिकारीचा काळ 1972 च्या आधीचा. आता समोर फक्त पेंढ्याचा गठ्ठा असतो. त्यांचं चरित्र आम्ही लिहायचं नाही, त्यांनी लिहायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

"आबा, तुमचं आयुष्य लिहा ना" हे वाक्य पहिल्या दोन बैठकांत पाच-सहा वेळा बोलून झालं आणि दर वेळी उत्तर एकच: "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" हा विनय नव्हे. प्रश्नच इतका मोठा की कुठून धरावा हे कळत नाही. "सगळ्यात आठवणीतला प्रसंग सांगा" हा प्रश्न त्याहून वाईट. त्यावर गोष्ट येते, पण पन्नास वर्षं चहाच्या कपाबरोबर सांगून गुळगुळीत झालेली. चौथ्या आणि सहाव्या बैठकीत तीच रानडुकराची गोष्ट जवळजवळ शब्दाला शब्द आली. असं झालं की समजायचं, हे आठवणं नाही, पाठांतर आहे. ते मोडायला बारीक प्रश्न लागतो: वारा कुठल्या गालावर होता? दोरी ओढताना पाय कशावर होता? भात्यात किती तीर उरले होते? शेवटच्या प्रश्नावर आबा गप्प झाले, मग म्हणाले, "एकच. बाकीचे आधीच हरवले होते." हरवलेल्या तिरांची हकिकत तोवर कधीच आली नव्हती.

पण खरं काम झालं ते काट्यानं. आबांकडे जुने चार तीर आहेत. ते "सगळे एका वजनाचे" असं ते नेहमी सांगत. सोनारी काट्यावर ठेवले तर 33.1, 31.8, 35.6 आणि 29.4 ग्रॅम भरले. एका ग्रॅमचे 15.43 ग्रेन, म्हणजे अंदाजे 511, 491, 549 आणि 454 ग्रेन. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्यात 95 ग्रेनचा फरक! पारंपरिक धनुष्याला, ते ओढायला लागणाऱ्या जोराच्या दर पौंडामागे, 8 ते 10 ग्रेन वजनाचा तीर घेतात, थोडा जडही चालतो. 50 पौंडाच्या कामठीला हे चारही चालतात, फक्त 20 पावलांवर एकाच जागी लागणार नाहीत. आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवले, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दीड पान तयार होतं: फाळ, म्हणजे तिराची लोखंडी टोकं, दोन वेगळ्या लोहारांचे कसे, एकाचं पातं जाड का निघायचं, आणि जड तिराला निशाणा किती वर धरायचा. जाणत्या माणसाला प्रश्न विचारण्यापेक्षा त्याच्या वस्तूचा आकडा दाखवावा. आकडा चुकीचा वाटला की तो स्वतःच पेन उचलतो.

म्हणून आता पद्धत अशी: एका बैठकीला एक वस्तू, एकावेळी 40 मिनिटं, सकाळी साडेसातला. सकाळ का, तर पंखा बंद ठेवता येतो. पंख्याची घरघर मुद्रणात बसली की नंतर निघत नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यात दहानंतर पंख्याशिवाय कोणी बसत नाही. साधा कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. फोन एअरप्लेन मोडवर, कारण पुष्कळ फोनांत कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि नंतर आपोआप सुरू होत नाही. तिसऱ्या बैठकीची 17 मिनिटं अशीच गेली. मूळ फाइल मोनो डब्ल्यूएव्ही, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट: मिनिटाला साधारण 5 एमबी, म्हणजे 40 मिनिटांना 200 च्या आसपास. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत. नातवंडं खोलीत नकोत. ती असली की आबा गोष्ट सोडून उपदेशावर येतात.

उतरवून काढण्यात वेळ जातो, तो आधीच धरून ठेवा. एका तासाच्या बोलण्याला हातानं पाच तास लागताहेत. फोनवर बोलून टाइप करण्याचा प्रयोग केला, पण आपल्या विषयाचे शब्दच त्यात बिघडतात: फाळचं फळ होतं, भात्याचा भाता राहीलच याची खात्री नाही. आणि एक भांडण आमच्यातच झालं, ते इथं लिहून ठेवतो. आबा "तीर चालवला" म्हणतात, "निशाणा लावला" म्हणतात. आमच्यातल्या एकानं ते "बाण मारला", "नेम धरला" असं शुद्ध करून ठेवलं होतं. ते परत जसंच्या तसं केलं. माळव्यात घडलेलं मराठी आहे, ते पुण्याचं करून काय मिळवायचं? न कळणाऱ्या शब्दाला समासात अर्थ द्यावा, शब्द बदलू नये.

चिठ्ठ्या पोस्टकार्डाच्या आकाराच्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, जास्तीत जास्त 12 ओळी, वरच्या कोपऱ्यात "आधी" किंवा "नंतर". कशाच्या आधी? इथं इंदूरकरांना खुंट्या फार चांगल्या सापडतात. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला ते 1956. नर्मदेचं पाणी शहरात आलं ते 1978. हुकुमचंद मिल बंद पडली ते 1991. "किती साली?" विचारलं की आबा अंदाज ठोकतात आणि मग त्या अंदाजावर हटून बसतात. "नर्मदेच्या आधी की नंतर?" विचारलं की चूक होत नाही. 64 पैकी 51 चिठ्ठ्या अशा लागल्या, उरलेल्या 13 बिनतारखेच्या ठेवल्या आहेत.

अंतराच्या बाबतीत एक चूक जवळजवळ छापली जाणार होती. आबा अंतर पावलांत सांगतात, "वीस पावलांवरून". आम्ही त्यांना अंगणात दहा पावलं चालायला लावून टेपनं मोजलं: 5.8 मीटर. त्या हिशेबानं वीस पावलं म्हणजे 11.6 मीटर. पण हे आजचं, गुडघे दुखणारं पाऊल. उंचीच्या साधारण 0.41 पट हा तरुण माणसाच्या पावलाचा ठोकताळा घेतला, तर 170 सेंटिमीटर उंचीला 70 सेंटिमीटर पडतं, म्हणजे वीस पावलं 14 मीटर. मजकुरात "वीस पावलं" हेच राहील, मीटरचा आकडा समासात आणि "अंदाजे" असं लिहून.

बोटांचे फोटो घेतले. अंगठा न लावता ओढण्याबद्दल एकलव्याची गोष्ट जोडून सगळेच बोलतात. आम्हाला प्रत्यक्ष बोटं हवी होती: दोरी कुठल्या पेरावर, तीर कुठल्या दोन बोटांमध्ये, घट्टा कुठे. तीन बाजूंनी, काळ्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून.

भिंतीवरची जुनी कामठी मात्र कोणी ओढायची नाही, आबांनी स्वतःसुद्धा. बांबूची आहे, दोरीही बांबूच्या सालीच्या पट्टीची. वर्षानुवर्षं उन्हाळे काढलेला बांबू इतका सुकतो की पूर्ण ओढीत फुटू शकतो, आणि पट्टी गाठीजवळ चिरते. आधी कापसाचा बोळा दोन्ही अंगांवरून हलकेच फिरवला. जिथे धागा अडकतो तिथे चीर. दोन जागा सापडल्या, दोन्ही कामठीच्या वरच्या अर्ध्या भागात. त्यामुळे ओढवजन (दोरी ओढायला लागणारा जोर) न मोजता मापं घेतली: दर 15 सेंटिमीटरवर रुंदी आणि जाडी, जाडी व्हर्नियरनं 0.1 मिलिमीटरपर्यंत. जाडीवर एवढा जीव का टाकायचा, तर ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 11 मिलिमीटरऐवजी 12 ठेवले तर त्या जागी कामठी 30 टक्के ताठ होते. या मापांवर नवी कामठी करायची आहे. बांबू हिवाळ्यात तोडलेला हवा, तेव्हा त्यात स्टार्च कमी असतो आणि घुण कमी लागते.

आबा अजून वापरतात त्या लाँगबोचं ओढवजन मात्र सामान तोलायच्या आकड्याच्या काट्यानं घेतलं. 28 इंचांची ओढ म्हणजे मुठीच्या खोलगट जागेपासून 26¼ इंच अधिक ठरलेले 1¾, हे विसरलं की प्रत्येक धनुष्य कागदावर चार पौंड जड निघतं. हेच मोजमाप पावसाळ्यात पुन्हा घ्यायचं. दमट हवेत लाकूड नरमतं, आणि आबांच्या "पावसात तीर खाली पडायचे" या चिठ्ठीला आकडा मिळेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं दोघांनी विचारलं होतं. अमेरिकेतल्या याही या मूळनिवासी जमातीतला शेवटचा माणूस इशी, त्याचं उदाहरण घ्या. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी तो बाहेरच्या जगासमोर आला, 1916 मध्ये क्षयानं गेला. मधल्या वर्षांत सॅक्स्टन पोप हा डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला आणि त्यानं धनुष्य, तीर, अंगठ्यानं ओढायची रीत, सगळं नोंदलं. त्या नोंदींमुळे आज कोणीही तसं धनुष्य करून पाहू शकतो. पण नोंद पोपची आहे, इशीची नाही. इशीला स्वतः काय वाटत होतं ते पोपच्या कानांतून गाळून आलेलं. आबांना लिहिता येतं, मग गाळणी कशाला मध्ये?

शिकारीच्या प्रकरणाबद्दल आबांची खरी अडचण आठव्या बैठकीत बाहेर आली: "नातवंडं काय म्हणतील?" यावर समजूत घालत बसण्यात अर्थ नाही. कालक्रम स्वच्छ मांडला की निम्मा भार उतरतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यानंतरही काही प्राण्यांच्या शिकारीला परवाना मिळत असे, आणि 1991 च्या दुरुस्तीनं तोही संपला. जुना परवाना घरात असेल तर त्याचा फोटो त्या प्रकरणात जावा. शिंग, कातडं अशी वस्तू भिंतीवर असेल तर तिचा फोटो छापण्याआधी मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, नसेल तर वकिलाला विचारा. सोबत्यांची नावं नकोत, आजही प्राणी राहतात त्या जागांचे नेमके पत्ते नकोत. इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे आणि आज ती टेकडी अभयारण्यात आहे. आबांना तिथे एकदा न्यावं, असा विचार आहे. एकाच जागी दोन काळ दिसले की लिहायला सोपं जातं.

परत वाचून दाखवणं हा या महिन्यातला सगळ्यात उपयोगी शोध. मजकूर 16 पॉइंटात, दोन ओळींत भरपूर जागा, उजवीकडे दोन इंचांचा समास, हातात लाल पेन्सिल. आम्ही वाचायचं, आबांनी खोडायचं. अकरा पानांपैकी सात या समासांतूनच वाढली. चुकीचं वाचलं की त्यांना राग येतो, आणि रागात लिहिलेलं वाक्य नेहमी आखूड आणि चांगलं असतं. (मुद्दाम चुका पेरण्याची सूचना आली होती. नको. एकदा कळलं की पुन्हा पेन्सिल हातात घेणार नाहीत.)

आकाराचा अंदाज: ए-फाइव्ह पानावर 250 शब्द धरले तर 96 पानांना 24 हजार शब्द लागतात. छपाईला पानं 16 च्या पटीत लागतात, म्हणून 96. आतापर्यंतच्या ध्वनिमुद्रणातून वापरता येईल असं नऊ हजार, आबांच्या पानांतून साडेतीन हजार. दिवसाला वीस मिनिटं, सकाळच्या चहानंतर, ही त्यांनीच ठरवलेली वेळ. जास्त लिहिलं की उजव्या हाताची ओढीची बोटं आखडतात. त्या दिवशी ते बोलतात, आम्ही लिहून घेतो.

पुढच्या बैठकीची वस्तू भाता. त्याची शिवण वरून उसवली आहे आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं काही रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्यांत, एकूण 43. कशाच्या, ते अजून विचारलेलं नाही.