आधी कुणाकडे धावले

काल अबीरने खालच्या काकूंच्या मांजरीचं पिल्लू उचललं. असं कवटाळलं की त्याचे मागचे पाय ताठ झाले आणि ते किंचाळलं. मी धावले. मुठी सोडवल्या, पिल्लू काकूंकडे दिलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला. मग वळून बघते तर अबीर भिंतीला टेकून उभा, मनगटावर नखांची लाल रेघ, रक्त आलेलं.

साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धुतलं, दवाखान्यात नेलं, रेबीजची लस सुरू केली. काकूंना पिल्लावर 10 दिवस लक्ष ठेवायला सांगितलंय. सगळं रीतसर केलं. पण आधी पिल्लाकडे का धावले मी?

पुढच्या महिन्यात त्याला पाच पूर्ण होतील. वाढदिवसाला काहीतरी पाळायचं, हे मीच कबूल केलेलं. ससा मनात होता. पण ससा नीट धरला नाही तर लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेतो. कालच्या मुठी आठवल्या आणि ससा बाद. कासवांमुळे लहान मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो, तेही नको. आई म्हणाली, आपल्याकडे मिठू होताच की. होता. पण आपल्याकडचा देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हटल्यावर ती गप्पच झाली. तिच्याशी नीट बोलायला हवं.

राहिले गप्पी मासे. हात न लावता बघायचे. म्हणजे मी लेकाच्या हातांना घाबरून मासे निवडतेय का? रात्रभर हेच. दिवसभर त्याच्यामागे मी एकटी, आणि नेमकी त्या एका क्षणी त्याच्या बाजूला नव्हते.

पहाटे झोपेत त्याने माझा गळा आवळला. रोजच आवळतो, तसाच, पिल्लासारखा. मला लागतं. मी किंचाळत नाही, एवढंच. या वयात जीव लावणं बोटांत मावत नाही त्याच्या. शिकेल.

टाकी आणली. मासे लगेच सोडायचे नाहीत. त्यांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. वाढदिवसाला बहुधा नुसतं पाणीच असेल. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "पिल्लाला अजून दुखतंय?"

खाली गेलो. काकूंनी आत बोलावलं, तरी तो उंबऱ्यातच थांबला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. पिल्लू सोफ्याखाली, नुसते डोळे दिसत होते. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

उद्या परत जाऊ म्हणाला.