पत्ता आणि पुंगळी

परवा दुपारी सायकलवरून येत होतो, मागून तो आवाज आला आणि माझे खांदे आपोआप कानांपर्यंत वर गेले. तो म्हणजे कोणता, हे सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. आधी लांबून कुणीतरी घसा खाकरल्यासारखं, मग गुरगुर, मग मध्येच दोन-तीन फटाके. गाडी अजून दिसलेलीही नसते, पण मनात निकाल लागलेला असतो. आला, शहाणा आला.

मी हँडल घट्ट धरलं, रस्त्याच्या कडेला सरकलो आणि श्वास रोखून वाट बघू लागलो. गाडी आली. जमिनीला पोट घासेल इतकी खाली बसवलेली, काचा काळ्या, डिकीवर भलामोठा पंख, आणि मागची पुंगळी एवढी रुंद की एखादी मांजर आत संसार थाटेल. आणि काय सांगू, त्या गाडीने वेग कमी केला, पार पलीकडच्या बाजूला गेली, माझ्यापासून चांगली दोन हात लांबून पुढे गेली आणि मगच गुरगुरली.

मला चक्क राग आला. इतक्या वर्षांच्या अनुभवातून बांधलेली थिअरी अशी भरदुपारी कुणी पाडतं का?

थिअरी साधी आहे. ज्याने मुद्दाम सायलेन्सर फाडलाय, तो मुद्दाम अंगावरही येणार. इंजिनातून धुराचे जे दणके बाहेर पडतात, ते सायलेन्सरच्या कप्प्यांत एकमेकांवर आपटून विरावेत म्हणून कुणीतरी डोकं लावलेलं असतं. ते कप्पेच काढून टाकायचे, वर न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात फुटावं अशी सोय करायची, आणि हे सगळं खिशातले पैसे घालून. असा माणूस माझ्यासाठी ब्रेक कशाला लावेल?

याला शास्त्राचा आधार मिळाला तेव्हा मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता. जुली आयटकेन शर्मर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०२३ सालचा अभ्यास. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी मोठ्या आवाजाच्या गाड्यांबद्दल विचारलं. ज्यांना तशी गाडी हवीशी वाटत होती त्यांत पुरुष जास्त, आणि त्यांचे सायकोपथीचे, म्हणजे दुसऱ्याची फिकीर नसण्याचे, आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटण्याचे गुणही जास्त. मी म्हटलं, बघा! बायकोने शांतपणे विचारलं, "पण ते गाडी कशी चालवतात हे बघितलं का त्यांनी?" नव्हतं बघितलं. प्रश्न आवडीचा होता, चालवण्याचा नव्हताच. तिसऱ्यांदा मी वाचून दाखवला नाही.

पण कान ऐकतात थोडेच. सायकलवर मागे डोळे नसतात, कानच डोळे. गाडी जवळ येताना आवाजाचा सूर चढा असतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे मांडलं. १८४५ मध्ये बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने रेल्वेच्या डब्यात कर्णे वाजवणारे चढवले, रुळांशेजारी सुरांची जाण असलेली माणसं उभी केली आणि ते पडताळून पाहिलं. आम्हाला एवढा खटाटोप लागत नाही. सूर उतरला की खांदे उतरतात.

एकदा मात्र एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला खरोखर लागला होता. पडलो नाही, पण पुढे अर्धा तास हात थरथरत होता. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि ती चांगली रंगते. परवा त्या सभ्य गाडीच्या मागे हळूहळू पेडल मारताना ती पुन्हा आठवली आणि मी जरा चपापलो. ती गाडी पांढरी होती, साधी. मागच्या काचेला उन्हासाठी जाळी, आत बहुतेक एक कुटुंब. आवाज? आवाज काहीच नव्हता, म्हणून तर मी बेसावध होतो. पण सांगता सांगता तिचा सायलेन्सर हळूहळू फुटत गेला. गेल्या वेळी तर मी तिला पंखही लावला होता.

मग आठवला तो पत्ता.

लहानपणी आमच्याकडे पत्त्यांचा एक जोड होता, त्यातले चार-पाच पत्ते हरवलेले. तसला जोड खेळायला उपयोगाचा नाही, पण सायकलसाठी सोन्यासारखा. एक पत्ता घ्यायचा, कपड्यांच्या चिमट्याने मागच्या चाकाजवळच्या दांडीला लावायचा, असा की त्याचं टोक आऱ्यांत घुसेल. सायकल हळू असली की नुसतं टक, टक, टक. शेळी चालल्यासारखं. फटफटी व्हायची तर जोर लावायला हवा. मग फर्रर्र! म्हणजे आवाजासाठी वेग आणि वेगासाठी उतार. आमच्या गल्लीला उतार होता. दादा म्हणायचा, एक पत्ता म्हणजे मोपेड, तीन पत्ते म्हणजे खरी फटफटी. मी चार लावले होते. पत्ते दोन दिवसांत टोकाला झिजून, फाटून झालर होत, की लगेच नवे.

गल्लीत एक आजी असायच्या, काठी टेकत जायच्या. मी वरून निघालो की त्या खाली भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि मी पार दिसेनासा होईपर्यंत तिथेच थांबायच्या. मला वाटायचं, कौतुकाने बघताहेत.

हे इतक्या वर्षांत मला कधी आठवलं नव्हतं, याचंच आश्चर्य वाटतं.

असो. दिसण्यावरून माणूस तोलायची खोड एकट्या सायकलवाल्याची नाही. इयन वॉकर नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकाने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि दोन हजारांहून जास्त गाड्या आपल्याला किती लांबून ओलांडतात ते नोंदवलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी ८.५ सेंटिमीटर जवळून गेल्या. मग पठ्ठ्याने लांब केसांचा टोप चढवला, तर गाड्यांनी जास्त जागा दिली! हेल्मेटच्या आकड्यांवर पुढे वाद झाले ते वेगळं. मला भावला तो टोप. म्हणजे मी मागच्या माणसाला पुंगळीवरून ओळखणार आणि तो मला केसांवरून. मला तर तेही फारसे उरलेले नाहीत.

पुढे गतिरोधक आला तेव्हा ती गाडी मला पुन्हा सापडली. खाली बसवलेल्या गाडीचं तिथे काय होतं ते पाहण्यासारखं असतं. एवढा आरडाओरडा करत आलेली स्वारी तिथे नवऱ्या मुलीसारखी थांबली, तिरकी झाली, एकेक चाक जपून वर घेतलं, जपून खाली ठेवलं. पोटाला काही लागत तर नाही ना, हे कान लावून ऐकत असणार आतला. मी शेजारून टण्णकन उडी मारून पुढे गेलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिग्नलला तो माझ्या बाजूला येऊन थांबला. काळी काच खाली गेली. आत वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कानापर्यंत हसू.

"काका, एक विचारू? मगाशी उतारावर तुमच्या सायकलचा कर्रर्र असा आवाज येत होता, तो कशाचा?"

मागच्या चाकाच्या फ्रीहबचा, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागाचा. पाय थांबवले की वाजतो. मागच्या महिन्यात नवा बसवला, आणि आवाज खुलावा म्हणून आतलं ग्रीस जरा कमीच ठेवायला सांगितलं होतं. हे सगळं मी त्याला सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने.

"भारीये," तो म्हणाला. "लांबूनच कळतं कोण आलं ते."

सिग्नल हिरवा झाला. त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि माझे खांदे पुन्हा कानांपर्यंत गेले.