झेरॉक्सच्या काउंटरवरून मनोविकारांच्या तासाकडे : आमची वाटचाल

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते झेरॉक्स, डीटीपी आणि लॅमिनेशनसाठी. मानसशास्त्राशी संबंध आला तो गिऱ्हाइकांमुळे. इग्नूचे, म्हणजे घरबसल्या पदवी देणाऱ्या मुक्त विद्यापीठाचे, विद्यार्थी असाइनमेंटचे कागद घेऊन यायचे. मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर, झेडपीचे शिक्षक, एलआयसीचे एजंट, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडलेल्या बायका. एम.ए. मानसशास्त्र करणाऱ्यांचं रडगाणं एकच असायचं : पुस्तकं इंग्रजीत, फार तर हिंदीत, आणि अडलं तर विचारायचं कुणाला? दुकान सांभाळत मीही त्याच पदवीसाठी नाव घातलं होतं. स्वतःसाठी मराठीत काढलेल्या नोट्स काउंटरवर ठेवल्या आणि लवकरच झेरॉक्सपेक्षा त्याच जास्त खपू लागल्या.

त्यातही मागणी सगळ्यात जास्त मनोविकारांच्या पेपरला. विषयच तसा आहे. प्रत्येकाच्या घरात, नाहीतर गल्लीत, त्यातलं एखादं प्रकरण असतंच.

आपापल्या सवडीने शिकणं म्हणजे नेमकं काय, हे धंद्यात पडल्यावर कळतं. इग्नूची ही पदवी ६४ क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास, म्हणजे चार क्रेडिटच्या एका पेपरला १२० तास. पदवी दोन वर्षांची, पण चार वर्षांपर्यंत मुभा. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, ज्याला जमेल तेव्हा. कागदावर हे फार सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात जून डिसेंबरवर जातो आणि डिसेंबर पुढच्या जूनवर. लॉकडाऊनमध्ये आम्ही तास रेकॉर्ड करून फोनवर द्यायला लागलो, तेव्हा तर हे उघडच दिसलं. विक्री चांगली, बघणारे थोडे. पहिला धडा सगळे बघतात. तिसऱ्यानंतर कुणाकडे लग्न निघतं, कुणाची द्राक्षं उतरायला येतात.

मग आम्ही पद्धत बदलली. एका धड्यावर स्वतःच्या शब्दांत पानभर लिहून फोटो पाठवल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. आणि पान आलं नाही की माझी जाऊ फोन करते. ती विषय शिकवत नाही, फक्त विचारते, "काय हो, कुठं अडलंय?" आमच्या सगळ्या व्यवसायात सर्वांत कामाची गोष्ट कोणती असं विचारलंत, तर मी तिचा फोन म्हणेन. तयार असाइनमेंट विकणारेही बाजारात आहेत, आणि गुण तर असाइनमेंटला ३० टक्के असतात. ते गिऱ्हाईक आमच्या हातून जातं. जाऊ दे.

शिकवताना खरी मजा येते ती उदाहरणांत. इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं आमच्या माणसांना परकी वाटतात, म्हणून सोवळ्यापासून सुरुवात करायची. आजी दिवसातून चार वेळा हात-पाय धुते, सोवळ्यात कुणाला शिवू देत नाही. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, का? वर्गात निम्मे हो म्हणतात. मग निकष काढायचे : नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात का, त्या कृतींत रोज तासाभराहून जास्त वेळ जातो का, नाहीतर त्यांच्यापायी त्या माणसाला त्रास होतो का, रोजची कामं अडतात का. आजीला काहीच त्रास नाही, त्रास सुनेला आहे. इथे हशा पिकतो, पण मुद्दा डोक्यात बसतो. अंगात येण्याचंही तसंच. देवीच्या उत्सवात, सगळ्यांच्या मान्यतेने येतं तेवढ्यावरून तो विकार ठरत नाही. नको असताना येऊ लागलं आणि संसार विस्कटू लागला, तर गोष्ट वेगळी. भ्रम आणि भास यांची गल्लत मात्र दरवर्षी होते. कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतोय, ही कशानेच न हलणारी खात्री हा भ्रम.

आणि एक साथ दरवर्षी ठरलेली. नैराश्याच्या धड्यानंतर निम्मा वर्ग स्वतःला नैराश्य आहे म्हणतो, व्यक्तिमत्त्व विकारांच्या धड्यानंतर सासूला. म्हणून कालावधी आधी पाठ करून घेतो : नैराश्यासाठी किमान दोन आठवडे आणि नऊपैकी पाच लक्षणं, उन्मादासाठी आठवडा. स्किझोफ्रेनियासाठी डीएसएमप्रमाणे, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषपुस्तकाप्रमाणे, सहा महिने; आयसीडीप्रमाणे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे, एक. दोन दिवस उदास वाटलं म्हणून पान भरू नका.

नोट्स छापणाऱ्याला या विषयाची एक डोकेदुखी आहे. निकष बदलतात. २०१३ मध्ये डीएसएम-५ आलं आणि स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड, कॅटाटोनिक वगैरे उपप्रकार गेले, अॅस्पर्जर हे वेगळं निदान स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) पट्ट्यात मिसळलं. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, लांबलेल्या शोकाला विकार म्हणून जागा मिळाली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून आयसीडी-११ लागू. जुने गठ्ठे रद्दीत. तरीही बाजारात उपप्रकारांची जुनी यादी घोकवणाऱ्या गाइड अजून मिळतात.

नाव घालायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा : "मॅडम, हे झाल्यावर क्लिनिक टाकता येईल ना?" आमच्या फॉर्मवर पहिलीच ओळ त्याबद्दल होती, ठळक अक्षरांत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत, रुग्णांसमोर बसून घेतलेलं प्रशिक्षण लागतं. घरी बसून केलेल्या पदवीने ते होत नाही. ही ओळ वाचून काही जण फॉर्म खाली ठेवून निघून जायचे. हिशेबाच्या वहीत ते दिसायचं. पण पाटी लावून बसलेल्या अर्धवट माणसाकडे एखाद्याचा स्किझोफ्रेनिया झालेला मुलगा गेला, औषधं बंद झाली, तर त्यात आमच्या नोट्सचा हात नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हा प्रश्नच निकालात काढला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा आयोगाच्या कायद्याचा आधार घेत, त्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश बंद. महिनाभर आमचा फोन थांबला नाही. माझं मत विचाराल तर निर्णय अर्धा पटतो. रुग्णाला हात लावायचा असेल, तर शिक्षण समोरासमोरच हवं. पण मिरजेच्या सिस्टरला क्लिनिक टाकायचंच नव्हतं, तिला वॉर्डातला पेशंट समजून घ्यायचा होता. तिच्यासारखीला आता नियमित कॉलेज हाच रस्ता, आणि नोकरी सोडून ती तिकडे जाणार कशी?

आधी प्रवेश घेतलेले विद्यार्थी अजून आमच्याकडे आहेत, त्यांची तयारी चालू राहील. नव्यांसाठी आम्ही पदवीचा नादच सोडला. आता जो अभ्यासक्रम देतो त्याला प्रमाणपत्र नाही. तो घरात मनोरुग्ण असलेल्या माणसांसाठी आहे. त्यात आजाराची ओळख आहेच, शिवाय बरं वाटलं तरी गोळ्या मनाने का बंद करायच्या नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा आणि उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा हक्क कसा दिलाय, आणि रात्री-अपरात्री टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, १४४१६ वर काय सांगायचं, हेही आहे. हे धडे तपासायला एक मानसोपचारतज्ज्ञ आमच्यासोबत आहेत. गोळ्यांबद्दलचा एकही शब्द त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय रेकॉर्ड होत नाही.

फी एकरकमी घेत नाही, धड्यागणिक घेतो. मध्येच थांबलात तर पुढचं काही देणं लागत नाही. जावेचा फोन मात्र येईल.