नळ्या सारख्या भरल्या, तरी चौथा नापास

निफाडकडची चार सिलिंडरची गाडी, सीएनजी किट नंतर बसवलेलं. तक्रार अशी की सकाळच्या थंडीत गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, पण नाशिकला येऊन गरम गाडी वीस मिनिटं उभी केली की सेल्फ पाच-सहा सेकंद घरघरतो आणि मग भस्सकन काळा धूर. प्लग काढले तर तीन भुरकट, चौथा काजळलेला. चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे छोटे व्हॉल्व्ह, उतरवून बेंचवर घेतले; म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, जिथे प्रत्येकाचा फवारा खालच्या मापाच्या नळीत जमतो.

आधी मीटर. इंजेक्टर उघडणारी विजेची कॉइल 13.1 ते 13.3 ओहम, म्हणजे चारही ठीक; या जातीच्या इंजेक्टरला 12 ते 16 चालतं. मग धुण्याआधीच 3 बार दाबावर 15 सेकंद पूर्ण उघडे ठेवून मोजले: 44, 45, 37, 45 मिली. हे माप घ्यायचं राहिलं की आत नुसता कचरा होता की झीज, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. सीएनजीवर पळणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर जेमतेम सुरुवातीला चालतात, बाकी वेळ पेट्रोल आत बसून गोंदासारखं चिकटतं. तिसऱ्याचं 37 त्यातलंच.

गाळणीच्या जुन्या जाळ्या आणि ओ-रिंग (रबरी कड्या) काढून टाकल्या, उलट्या दिशेने द्रव सोडला, मग ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक टबात 20 मिनिटं, फक्त टोकं बुडवून आणि पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडझाप करणारे विजेचे ठोके, चालू ठेवून. पल्स बंद असेल तर आतली सुई बसलेलीच राहते आणि ती जिथे टेकते त्या सीटवरचा थर तसाच; बरेच जण इथेच घाई करतात.

पुन्हा माप: 46, 46, 45, 46. फवारे छान, एकही धार नाही. गाडी जागेवर हळू चालू असताना (आयडल) मिळतात तसे 3 मिलिसेकंदाचे 2000 पल्स दिले: 12, 12, 11, 12 मिली. तिसरा अजून उघडायला किंचित आळशी होता. पूर्ण उघड्या मापात हे दिसतच नाही, कारण तिथे सुई एकदाच उचलायची असते. त्याला आणखी 15 मिनिटं टबात ठेवला आणि तोही 12 वर आला.

गाडीवाले काका शेजारीच उभे. नळ्यांकडे बघून म्हणाले, “चारी सारख्याच भरल्या की भाऊ. टाका बसवून.”

मला खरी परीक्षा पुढची वाटते, गळतीची. पल्स बंद, दाब 3 बार तसाच, टोकं कापडाने कोरडी पुसली आणि घड्याळ लावलं. एक मिनिटात एक थेंब पडला तरी आम्ही त्याला काठावरचा म्हणतो. पहिले तिघे कोरडे. चौथ्याच्या टोकाला दहाव्या सेकंदाला ओल आली, विसाव्याला थेंब सुटला, मिनिटभरात तीन. दाब 4 बार केला तर थोडा कमी गळला; सुई इंधनाच्या दाबाने सीटवर बसते, म्हणून जास्त दाबावर गळणं कमी दिसू शकतं. त्यावर फसू नये. पुन्हा धुतला, पुन्हा तीनच. कचरा असता तर आकडा हलला असता, म्हणजे सीट झिजली होती. गाडी बंद झाल्यावर रेलमधलं, म्हणजे चारही इंजेक्टरना पुरवठा करणाऱ्या नळीतलं, पेट्रोल त्याच सिलिंडरमध्ये टिपकत राहायचं, धूर त्याचाच.

काकांना बेंचवरचा थेंब दाखवला. “हे तर नळीत दिसलंच नाही,” एवढंच बोलले.

त्याच पार्ट नंबरचा नवा आणला. नवा आहे म्हणून सरळ बसवला नाही, तोही बेंचवर लावला: 47 मिली, पल्सवर 12, गळती शून्य. 46 च्या जोडीला 47 चालतो, 49 असता तर परत पाठवला असता. चौघांना नव्या जाळ्या, नव्या ओ-रिंग, रिंगांना इंजिन ऑइलचं बोट. गाडी गरम करून बंद केली: पेट्रोलच्या दाबाचा गेज 3 बार, वीस मिनिटांनी 2.7. पहिल्या सेल्फला उचलली, धूर नाही.

जुन्या चौथ्याच्या कनेक्टरच्या दोन्ही पिना पक्कडीने वाकवून तो भंगाराच्या डब्यात टाकला, नाहीतर महिन्याभराने कुणीतरी धुऊन बेंचवर आणतंच.