नोंदणी कार्यालयातला एक विवाह

मी बर्लिनमध्ये शपथबद्ध दुभाषी म्हणून काम करते. मध्यंतरी एका विवाहासाठी मला नोंदणी कार्यालयात बोलावले होते. वधू दोघी होत्या, एक जर्मन आणि दुसरी पुण्याची. पुण्याच्या मुलीला कामापुरते जर्मन येत होते, परंतु विवाहाचा कायदेशीर मजकूर तिला नीट समजेल याची निबंधक बाईंना खात्री नव्हती.

जर्मनीत लग्न करणाऱ्या परदेशी व्यक्तीला, मायदेशाच्या कायद्याप्रमाणे आपल्या विवाहाला अडथळा नाही, असा दाखला आणावा लागतो. भारताकडून तो मिळत नसल्याने भारतीय स्त्री-पुरुषांना इथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून सूट मिळवावी लागते. या दोघींची फाइल मात्र न्यायालयाकडे गेलीच नाही. ज्या देशात समलिंगी विवाहाची तरतूद नाही, तिथल्या नागरिकाला अशा विवाहासाठी हा दाखला लागणार नाही, असे नागरी संहितेच्या कलम १३०९ मध्ये २०१८ साली नमूद झाले. ३० जून २०१७ रोजी संसदेने ३९३ विरुद्ध २२६ मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, ती बातमी जगभर गेली. मला या लहानशा दुरुस्तीचे मोल तितकेच मोठे वाटते, कारण ती करणाऱ्यांनी कागदासाठी अडून राहणाऱ्या माणसाचा विचार केला.

निबंधक बाईंनी दोघींना वेगवेगळे विचारले, दोघींनी होकार दिला, सह्या झाल्या. मुलीची आई पुण्याहून आली होती. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"ताई, उद्या हिला काही झालं, तर दवाखान्यात ती सही करू शकेल ना?"

करू शकेल, असे मी ठामपणे सांगितले. आजारपणामुळे जोडीदाराला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर उपचारांबाबत पती किंवा पत्नीला सहा महिन्यांपर्यंत निर्णय घेता येतो. १ जानेवारी २०२३ पासून तसा कायदाच आहे.

"आणि दोघी पुण्याला आल्या की?"

यावर मात्र मला सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल सांगावा लागला. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो प्रश्न कायदेमंडळावर सोपवला. त्यामुळे आजचा हा विवाह पुण्यात कायद्याने धरला जाणार नाही.

"मग तिथं काय काय कागद करून ठेवायचे, ते मला मराठीत लिहून द्या," त्या म्हणाल्या. मी वहीचे पान फाडून मृत्युपत्र आणि वैद्यकीय निर्देशपत्र अशी दोन नावे लिहिली आणि दोन्ही पुण्यातल्या वकिलाकडून करून घ्या, असे सांगितले.