जत्रा पाच दिवसांची, मैदान वर्षभराचं

नव्या इमारतीसाठी देणगीदार सापडतो, कारण तिच्या दारावर नाव लावता येतं. जुन्या छपराच्या स्क्रूंखालचे रबरी वॉशर बदलायला मात्र कुणी चेक फाडत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या आमच्या छोट्या कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) फेअरग्राउंडच्या, जत्रेच्या मैदानाच्या, देखभाल समितीत शिरल्यापासून माझे सगळे वाद याच मुद्द्यावर होत आले आहेत.

मैदान तसं साधंच. गाई, डुकरं, मेंढ्यांचे लांबलचक पत्र्याचे गोठे, एक प्रदर्शनाचा हॉल, ग्रँडस्टँड आणि समोर मातीचा अरीना. जुलैत पाच दिवस फोर-एच या मुलांच्या संघटनेतली मुलं वर्षभर सांभाळलेली जनावरं घेऊन येतात, रात्री डेमोलिशन डर्बीत जुन्या गाड्या एकमेकींवर आदळतात आणि अख्खी कौंटी तिथे लोटते. या देशात अशा जत्रांची सुरुवात एल्काना वॉटसन या गृहस्थाच्या नावावर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला त्याने शेतकऱ्यांना जनावरं दाखवायला एकत्र आणलं आणि १८११ साली बर्कशायर अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी उभी राहिली. उद्देश करमणुकीचा नव्हता. शेजाऱ्याची मेंढी आपल्यापेक्षा चांगली का, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी बघावं, हा होता.

उरलेलं वर्ष मैदान काय करतं, हे मात्र बऱ्याच लोकांना माहीत नसतं. हॉलमध्ये लग्नं लागतात, गोधड्यांची प्रदर्शनं भरतात, शेतीच्या अवजारांचे लिलाव होतात. हिवाळ्यात गाईंच्या गोठ्यात लोकांच्या बोटी आणि कॅम्पर, म्हणजे सहलीच्या राहत्या गाड्या, झोपलेल्या असतात. दिसायला अजिबात देखणं नाही, पण विजेचं बिल त्या भाड्यावरच भागतं. आता बोट ठेवणाऱ्याची एकच अट असते, वरून गळता कामा नये. म्हणून छप्पर आधी! पत्रा सहसा टिकतो, उन्हाने कडक होतात ते वॉशर. खालचं लाकूड फुगतं-आकसतं, स्क्रू हळूहळू वर येतो आणि तिथून थेंब सुरू होतो. जुन्या भोकात थोडा जाड स्क्रू, नवा वॉशर, झालं काम. फक्त अशी हजारो भोकं असतात आणि वर चढायला तयार माणसं मोजकी.

छपरानंतर पाणी. पन्हळ तुटलेली असली की पावसाचं पाणी थेट गोठ्याच्या खांबांशी साचतं आणि लाकडी खांब नेमका जमिनीच्या रेषेवर कुजतो. वरचा गोठा धडधाकट, खाली पाय गेलेले. भोवती उतार काढून चर खणणं हे नव्या गोठ्याच्या मानाने फुकटात पडतं, पण चराच्या उद्घाटनाला फीत कुणी कापत नाही ना!

इथल्या थंडीत जमीन खोलवर गोठते, त्यामुळे गोठ्यांचे उथळ पाइप हिवाळ्याआधी कंप्रेसरने फुंकून रिकामे करावे लागतात. मैदानातले उभे नळ, म्हणजे हायड्रंट, वेगळे. त्यांचा व्हॉल्व्ह गोठणाऱ्या थराच्याही खाली असतो आणि दांडा खाली केला की वरच्या नळीतलं पाणी एका बारीक छिद्रातून खडीत निथळून जातं. पण पाणी मारायची होज तशीच जोडलेली राहिली तर पाणी निथळत नाही, हायड्रंटची नळी गोठते आणि वसंतात फुटलेली सापडते. आमच्या समितीतले निवृत्त शेतकरी बैठकीत अवाक्षर बोलत नाहीत, पण ऑक्टोबरात प्रत्येक हायड्रंटपाशी स्वतः जाऊन होज काढतात. माझ्या मते मैदानाचे खरे अध्यक्ष तेच.

मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे हात धुण्याच्या बेसिनांवर मी अडून बसते. २०१२ च्या उन्हाळ्यात डुकरांपासून होणाऱ्या एच३एन२व्ही फ्लूचे तीनशेहून जास्त रुग्ण या देशात सापडले, बहुतेक मुलं, आणि बहुतेकांचा संबंध जत्रेतल्या डुकरांशी. गोठ्याच्या दाराशीच साबण-पाणी असलं तर लोक हात धुतात. वळसा घालून संडासापर्यंत कुणी जात नाही. तसंच वाटांचं. पार्किंगपासून हॉलपर्यंत सुटी खडी पसरली की व्हीलचेअर रुतते आणि वॉकरवाल्या आजीबाई गाडीतच बसून राहतात. कडक, सपाट वाट ही चैन नव्हे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानंतर ती आपली जबाबदारीच आहे.

विजेचं काम हौशी हातांनी करू नये, एवढंच सांगते. जुलैत प्रत्येक मूल आपल्या वासरासाठी पंखा लावतं आणि शेजारीच जनावरं धुतली जातात. सदोष अर्थिंगमुळे पाण्याच्या टाकीत किंचितसा प्रवाह उतरला तरी माणसाला कळत नाही. गाय मात्र पाण्याला तोंड लावेनाशी होते.

पैशांचं म्हणाल, तर शेती खात्याच्या कम्युनिटी फॅसिलिटीज कार्यक्रमातून वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना कर्ज आणि अनुदान मिळू शकतं. पण त्यातून उभं राहिलेलं पुढे सांभाळायचं कुणी, हा प्रश्न आपलाच राहतो. माझा प्रस्ताव असा: हॉलच्या आणि बोटींच्या भाड्यातला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला छप्पर, पाणी, वीज यांखेरीज कशासाठीही हात लावायचा नाही. मागच्या बैठकीत तो एका मताने पडला, कारण काहींना त्या पैशात नवं स्टेज हवंय. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. स्टेजवाल्यांना आधी डुकरांच्या गोठ्याचे खांब दाखवून आणायचं ठरवलंय, तेही भर पावसात.